क्लिम्टची रिकामी जागा कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कलाप्रदर्शनांची पोस्टर्स हल्ली पुरवण्यांत, दिनदर्शिकांवर, कॅफेंच्या भिंतींवर सारखी दिसू लागली आहेत. त्यांतही व्हिएन्नाच्या सिसेशन या कलाकारसंघाची पोस्टर्स जास्त. लोकांना ती आवडतात, ही चांगलीच गोष्ट आहे. तक्रार एवढीच, की छापताना ती बहुतेक वेळा कापलेली असतात. चौकोनात बसावे म्हणून वरचा भाग ठेवायचा, खालची अक्षरे उडवायची, कडेची पट्टी छाटायची, मधली मोकळी जागा वाया जाते म्हणून आकसायची. एखाद्या साध्या छायाचित्राचे असे केले तर फार तर शोभा जाते. या पोस्टर्सचा अर्थ जातो. पान लावणाऱ्याला कारण पटले तर कात्री थांबेल, या आशेने थोडे तपशिलात लिहीत आहोत.

चित्रकार गुस्ताव क्लिम्टचे १८९८ चे पोस्टर घ्या. सिसेशनच्या पहिल्या प्रदर्शनासाठी त्याने ते काढले. क्लिम्ट आणि त्याच्या सोबत्यांनी ३ एप्रिल १८९७ रोजी हा संघ स्थापन केला, जुन्या क्युन्स्टलरहाउस या संस्थेतून ते बाहेर पडले, आणि स्वतःची इमारत अजून उभी नसल्यामुळे मार्च १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या उद्यानसंस्थेच्या सभागृहात पहिले प्रदर्शन भरवले. पोस्टर उभे आहे. वर एक आडवी पट्टी, तीत ग्रीक पुराणातला वीर थिसिअस मिनोटॉरला मारतो आहे. उजव्या कडेला अथेना उभी, चेहरा बाजूने दिसणारा, डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, ढालीवर मेड्युसाचे मस्तक. तळाशी अक्षरे. आणि या तिन्हींच्या मध्ये कागदाचा मोठा भाग कोराच ठेवलेला.

छापताना होते असे, की थिसिअसची पट्टी तेवढी उचलली जाते, कारण हालचाल तिच्यात आहे. मग वाचकासमोर उरते ती एक मारामारी. मिनोटॉर म्हणजे क्रीटच्या चक्रव्यूहातला अर्धा बैल, अर्धा माणूस. त्याला अथेन्सची तरुण मुले-मुली बळी म्हणून पाठवली जात. थिसिअस त्याला मारतो तेव्हा तो नुसता पराक्रम गाजवत नाही, तरुणांचा बळी जाणे थांबवतो. जुन्या संस्थेत नव्यांची चित्रे अडवली जात होती, त्यांच्या दृष्टीने ही उपमा नेमकी होती. आणि या लढाईला मान्यता कोणाची? अथेनाची. ती शहाणपणाची आणि कलाकौशल्याची देवता. ती कापली की लढाईचे कारण गेले.

मेड्युसाबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना चटकन कळेल. ग्रीक पुराणात ती राक्षसी, तिच्याकडे पाहणारा दगड होतो. पण ढालीवर किंवा दारावर तिचा चेहरा लावतात तो वाईटाला बाहेर ठेवण्यासाठी. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असते, त्याचेही काम हेच. सिसेशनची इमारत योसेफ मारिया ओल्ब्रिखने बांधली आणि नोव्हेंबर १८९८ मध्ये ती उघडली. तिच्या दारावरही असे तीन मेड्युसामुखवटे आहेत, सोबत चित्रकला, वास्तुकला, शिल्पकला अशी नावे. एका मराठी मजकुरात पोस्टरवरच्या मेड्युसाला ‘दुष्ट शक्तीचे प्रतीक’ म्हटलेले वाचले. ढाल कोणाच्या हातात आहे ते पाहिले असते तर ही चूक झाली नसती.

त्याच पोस्टरवर ‘व्हेर साक्रुम’ हे दोन लॅटिन शब्द आहेत. अर्थ ‘पवित्र वसंत’; संघाच्या मासिकाचेही हेच नाव. प्राचीन इटलीतला हा एक नवस. मोठे संकट आले की पुढच्या वसंतात जन्मेल ते सारे देवाला वाहायचे. त्या वसंतात जन्मलेली मुले मोठी झाली की त्यांनी गाव सोडायचे आणि नवी वस्ती करायची. सिसेशन हा शब्दही रोमचाच: तिथल्या सामान्य जनांनी उमरावांविरुद्ध शहर सोडून टेकडीवर जाऊन बसण्याला ते नाव होते. म्हणजे संघाचे नाव आणि त्याच्या मासिकाचे नाव, दोन्हींचा आशय एकच, जुने ठिकाण सोडून बाहेर पडणे. तळाची अक्षरे आणि हे दोन शब्द कापले की वाचकाच्या हाती हा दुवा लागत नाही.

आता त्या रिकाम्या जागेकडे येऊ. १८९८ च्या रस्त्यावरची बाकीची पोस्टर्स डोळ्यांपुढे आणा: वेलबुट्टी, ढाली, पदके, सुंदर स्त्री, चारही कोपरे भरलेले. त्यांच्या शेजारी जवळजवळ मोकळा कागद. लांबून पहिल्यांदा तो मोकळेपणाच नजरेत भरतो. अथेना डावीकडे, त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभी आहे. वरती जुने संपत आहे, खाली प्रदर्शनाचे नाव आहे, मधली जागा जे अजून घडायचे आहे त्यासाठी सोडलेली. असा एका बाजूला झुकलेला तोल जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतून युरोपात आला. सिसेशनने १९०० साली आपले सहावे प्रदर्शन जपानी कलेलाच वाहिले होते.

शिळाछपाईचे काम ज्याने पाहिले आहे त्याला या कोऱ्या जागेची किंमत आणखी एका कारणाने कळते. ही पोस्टर्स दगडावरून छापलेली आहेत. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड वाळू-पाण्याने घासून सपाट करायचा, त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे, मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून ते दगडावर लावायचे. चित्राची चरबी दगडात मुरते, मोकळ्या भागाला डिंक धरून राहतो. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई चरबीवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. सगळा खेळ तेल आणि पाणी यांच्या वैराचा. यात सर्वांत अवघड काय? भरलेली जागा नव्हे, कोरी जागा. काढताना तळहात टेकला, बोटाचा ठसा उमटला, तर त्या घामाची चरबीही दगडात मुरते आणि छापताना काळा डाग होऊन वर येते. डिंक पातळ बसला किंवा दगड छापताना मध्येच सुकला, तर मोकळ्या भागावर राखाडी मळ चढतो. दाट नक्षीत असे डाग लपतात. क्लिम्टने सोडलेल्या पटांगणात एकही लपला नसता. म्हणून कारागीर चित्राच्या वर फळीचा पूल ठेवून त्यावर हात टेकतात. ती जागा कोरी राखायला कामगाराला किती जपावे लागते हे माहीत असले की ती ‘वाया गेलेली’ म्हणवत नाही.

या पोस्टरच्या पहिल्या आवृत्तीत थिसिअस नग्न होता. सेन्सॉरने हरकत घेतली, मग पुढे झाडांचे काळे उभे बुंधे काढून त्याला झाकले गेले. दोन्ही आवृत्त्या आज उपलब्ध आहेत, आणि कोणती छापली आहे हे मजकुरात लिहायला हवे. बुंध्यांची आवृत्ती छापून ‘क्लिम्टची निसर्गाची ओढ’ असे खाली लिहिले तर वाचकाची शुद्ध दिशाभूल होते.

तीन या आकड्याकडे आता जरा लक्ष द्यावे, कारण तो या पोस्टर्समध्ये पुन्हापुन्हा येतो. जानेवारी १८९८ च्या ‘व्हेर साक्रुम’च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ आल्फ्रेड रोलरने केले. त्यावर लाकडी कुंडीत वाढलेले फुलांचे झाड आहे; त्याची मुळे कुंडीच्या फळ्या फोडून बाहेर आली आहेत. झाडावर तीन कोऱ्या ढाली आहेत. तीन ढाली हे कलाकारांच्या संघाचे जुने मानचिन्ह, चित्र, शिल्प आणि वास्तू या तीन कलांचे. दारावरचे तीन मुखवटे वर सांगितलेच. १९०२ मध्ये कोलोमन मोझरने तेराव्या प्रदर्शनाचे पोस्टर केले तेव्हा त्याने तीन स्त्रिया एकत्र ओवल्या, चेहऱ्यांचीही जवळजवळ भूमिती करून. हे पोस्टर सुमारे १७७ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. चौकोनी चौकटीसाठी ते मधून कापले की तीनपैकी एखादी स्त्री अर्धी होते, आणि आकडाच चुकतो.

रोलरच्या १९०३ च्या, सोळाव्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर माणूस नाहीच. वर मोठ्या अक्षरांत सिसेशन हा शब्द, त्यातल्या तिन्ही ‘एस’ अक्षरांच्या शेपट्या कागदभर खाली ओघळलेल्या, आणि तळाशी मजकुराचा घट्ट ठोकळा. उंची सुमारे १८९ सेंटिमीटर, रुंदी ६३. रोलरची अक्षरे जवळून वाचायला कठीण जातात, ही जुनीच तक्रार. त्यामागे विचार आहे. नेहमीच्या अक्षरांत आपण काळा भाग वाचतो, पांढरा विसरतो. रोलरने अक्षराचा जाडपणा इतका वाढवला की काळे आणि मधले पांढरे जवळपास सारखे झाले. डोळा दोन्हींत अडकतो आणि माणूस पोस्टरसमोर थांबतो. देवनागरी अक्षरे हाताने काढणाऱ्यांना हे ओळखीचे आहे: ‘क’ किंवा ‘ळ’च्या पोटातली पोकळी आणि दोन अक्षरांमधली पोकळी यांचे वजन जुळले नाही तर शब्द विसकटतो. रोलरचे हे पोस्टर निम्मे छापले तर त्या तीन शेपट्या हवेत तुटतात, आणि शब्द वरून खाली मजकुरापर्यंत उतरत येतो ही पूर्ण कल्पना नाहीशी होते.

याच अक्षरांवरून १९६६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेस विल्सनने संगीतसभांच्या पोस्टर्सची अक्षरे घडवली. त्यामुळे हल्ली उलटे घडते. रोलरचे अस्सल काम पाहून लोक त्याला ‘हिप्पी काळातले’ म्हणतात. तळाची ओळ शाबूत असती तर साल तिथेच वाचता आले असते.

उभ्या, अरुंद आकाराबद्दलही बोलायला हवे. त्या काळी जर्मन भाषेच्या शहरांत पोस्टर्स चौकातल्या गोल खांबांवर लागत. अशा खांबावर रुंद पोस्टर वळते आणि त्याच्या दोन्ही कडा नजरेआड जातात. साठ सेंटिमीटर रुंदीचे पोस्टर जागेवरून न हलता पूर्ण दिसते. मोबाइलच्या आडव्या चौकटीत कोंबायला हा आकार अडचणीचा आहे हे मान्य, पण त्याच्यावर कात्री चालवताना आपण त्याचा रस्ता काढून घेतो.

सर्वांत मोठे नुकसान चित्रकार एगोन शीलेच्या १९१८ च्या पोस्टरचे होते. क्लिम्ट ६ फेब्रुवारी १९१८ रोजी गेला. मार्चमध्ये सिसेशनचे ४९ वे प्रदर्शन भरले, त्याचे पोस्टर शीलेचे. कोनात वळलेले टेबल, भोवती मित्र वाचत बसलेले, वरच्या टोकाला स्वतः शीले, आणि त्याच्या समोर, आपल्या बाजूला, एक खुर्ची रिकामी. ती क्लिम्टची म्हणून ओळखली जाते. वीस वर्षांपूर्वी क्लिम्टने पोस्टरमध्ये जागा मोकळी ठेवली होती ती येणाऱ्यांसाठी; शीलेने मोकळी ठेवली ती गेलेल्यासाठी. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीलेही गेला. हे पोस्टर छापताना खालचा भाग ‘रिकामा’ म्हणून कापलेला अनेकदा दिसतो. रिकामी खुर्चीच कापली, तर मग उरले काय? टेबलाभोवती बसलेली काही माणसे.

कडा छाटल्याने आणखी एक नुकसान होते, ते ओळख पटवण्याचे. व्हिएन्नाच्या यांपैकी अनेक पोस्टर्सवर अगदी तळाच्या कडेला ए. बर्गर या छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत असते. फ्रेमवाला तयार मापाच्या चौकटीत बसवण्यासाठी पहिल्यांदा हीच पट्टी उडवतो. आपल्याकडे याची चांगलीच कल्पना असायला हवी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही हेच तंत्र होते, रंगागणिक एक दगड, आणि पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. त्या देवदेवतांच्या चित्रांच्या तळाशीही छापखान्याचे आणि गावाचे नाव असे. देवघराच्या चौकटीत बसवताना ते किती घरांत कापले गेले असेल, आणि आज चित्र कुठल्या काळातले हे सांगायला नेमकी तीच ओळ लागते.

घरी एखादे जुने पोस्टर असेल आणि ते दगडावरचे की नंतरचे पुनर्मुद्रण, हे पाहायचे असेल, तर दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ऑफसेटवर छापलेल्या प्रतीत रंगाचे ठिपके नियमित अंतरावर, फुलासारख्या गोल रचनेत दिसतात. दगडावरच्या छपाईत खडूचा ओबडधोबड दाणा दिसतो, किंवा सलग सपाट रंग. दोन रंग जिथे एकमेकांवर चढले तिथे तिसरी छटा, आणि कुठेतरी रजिस्टर, म्हणजे रंगांची आपसातली जुळणी, किंचित सुटून कडेला कागदाची बारीक रेघ. इथे एक फसगत होते. रंगीत शिळाछापात कारागीर हातानेही ठिपके टाकत, रविवर्म्याच्या छापांत तर भरपूर. ते पाहून लोक अस्सल छाप ऑफसेट समजून टाकून देतात. फरक असा, की हाताचे ठिपके लहानमोठे असतात आणि चेहऱ्याच्या गोलाईप्रमाणे वळतात. यंत्राचे ठिपके रेषा सोडत नाहीत. दुसरी खूण अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चने पाहता येते. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारे रसायन आहे, आणि तशी रसायने कागदात साधारण १९५० नंतर आली. १९०२ चे म्हणून विकलेले पोस्टर असे चमकले तर ते १९०२ चे नाही. कागद चमकला नाही एवढ्यावरून मात्र ते जुने ठरत नाही, भिंगही लावावे.

जतनाबद्दल थोडक्यात, कारण कोकणात आणि मुंबईत चुका त्याच त्याच होतात. ही पोस्टर्स महिनाभर टिकावीत म्हणून छापलेली. कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, उन्हाने पिवळा आणि ठिसूळ होणारा. लॅमिनेशन करू नये, ते सुटत नाही. चिकटपट्टी मागूनही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन पुढे उमटतो. काच कागदाला टेकवू नये, दमट हवेत शाई आणि कागद काचेला चिकटतात. मध्ये आम्लविरहित माउंट घालून तीन-चार मिलिमीटरचे अंतर ठेवावे. हार्डबोर्डचे बॅकिंग स्वस्त पडते, पण त्याचे आम्ल कागदात उतरते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. चौकटीच्या मागे कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावले तर हवा खेळती राहते. कापडावर चढवलेले जुने पोस्टर असेल तर ते बहुधा पिठाच्या खळीने चढवलेले असते, आणि खळ कसरीला आवडते. वर्षातून दोनदा मागची बाजू पाहावी. चौकट लहान पडत असेल तर चौकट मोठी करावी, कागद लहान करू नये. घडी घालावी लागली तरी पट्टी कापण्यापेक्षा ते बरे, कारण घडी पुढे निष्णात माणूस सोडवू शकतो.

आता छापण्याविषयीची विनंती. पोस्टर पूर्ण छापावे, चारही कडांसकट, कागदाचा कोरा काठ दिसेल असे. खाली कलाकार, वर्ष, प्रदर्शनाचा क्रमांक आणि मूळ माप द्यावे. माप दिले नाही तर वाचक पुरुषभर उंचीचे मोझर आणि टेबलावर मावणारे शीले एकाच आकाराचे समजतो. एखादा भाग जवळून दाखवायचा असेल तर जरूर दाखवावा, पण शेजारी पूर्ण पोस्टर लहान आकारात असू द्यावे आणि मोठ्या चित्राखाली ‘तपशील’ असे लिहावे. जागा कमी ही अडचण खरी आहे, पण ती कापण्याने सुटते तशी लहान करण्यानेही सुटते. रोलरचे पोस्टर रुंदीच्या तिप्पट उंच आहे. चार सेंटिमीटरच्या एका स्तंभात ते बारा सेंटिमीटर उंचीचे बसते, तिन्ही शेपट्यांसकट. शीलेचे मूळ सुमारे ६८ बाय ५३ सेंटिमीटरचे; त्याच स्तंभात त्याची उंची पाच सेंटिमीटरच्या जरा वर जाते, आणि त्या आकारातही समोरची खुर्ची रिकामी आहे हे दिसते.

आपले विश्वासू,
शिळामुद्रण आणि कागदजतन या कामातले काही वाचक, पुणे